सोन्याची निब आणि माझे साडेनऊ हजार

शाळेत माझं अक्षर बरं समजतात, त्यामुळे दरवर्षी स्नेहसंमेलन झालं की प्रशस्तिपत्रांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर येऊन पडतो. तीनशेच्या आसपास नावं. पूर्वी टाकाला कट निब लावून लिहायचो. दर चार अक्षरांनी दौतीत बुडवायचं, आणि ठिपका पडला की ते प्रशस्तिपत्र बाद. म्हणून फाउंटन पेनातच चपट्या टोकाची निब घ्यावी असं बरेच दिवस मनात होतं.

चपट्या निबेत दोन जाती, इटॅलिक आणि स्टब. दोघींनी उभा काना जाड येतो आणि आडवी रेघ बारीक. फरक आहे तो कोपऱ्यांचा. इटॅलिकचे कोपरे धारदार. रेघ सुरीने कापल्यासारखी येते, पण मनगट जरा वळलं की कोपरा कागदात रुततो आणि वेलांटी वर नेताना कागदाचे तंतू उचकटतो. स्टबचे कोपरे घासून गोल केलेले असतात. जाड-बारीक थोडं कमी दिसतं, पण धावत्या हाताने लिहिता येतं. (देवनागरीत आणखी एक भानगड. आपला बोरू तिरका कापलेला असायचा, स्टब सरळ कापलेली असते. नेहमीसारखं लिहिलं तर अक्षराची ऐट कुठेतरी हरवते, म्हणून पेन हातात थोडं फिरवून धरावं लागतं. आठवड्यात सवय होते.) मला स्टबच हवी होती, आणि खरं सांगायचं तर पोलादाची पुरली असती. पण सोन्याचा मोह झाला.

जुन्या पेनांच्या खरेदी-विक्रीच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. काळं जुनं पेन, पिवळी निब, त्यावर १४के, आणि खाली ‘कस्टम स्टब’ असं लिहिलेलं. सोबत निळ्या-काळ्या शाईतला लेखनाचा नमुना. त्यातला ‘श्री’ बघूनच मी विरघळलो. किंमत साडेनऊ हजार, निम्मे आगाऊ, यूपीआयने.

मी अगदीच भोळा नव्हतो. सगळे फोटो वरून काढलेले होते, म्हणून निबेचा बाजूने काढलेला फोटो मागितला. आला तो धुरकट. टोकावरचा कठीण धातूचा दाणा दिसत नाही म्हटल्यावर उत्तर आलं, “सर, स्टब चपटीच असते. तिला दाणा नसतो.” ही थाप मला पटली, कारण ती निम्मी खरी होती. लामी कंपनीच्या १.१, १.५ आणि १.९ मिलिमीटरच्या पोलादी निबा खरोखरच दाण्याविना येतात. त्या मी वापरल्याही होत्या. पोलाद कडक असतं, त्यामुळे चालून जातं. सोनं मऊ. कागदावर घासून ते झिजतं, म्हणून तर सोन्याच्या निबेच्या टोकाला कठीण धातूचा दाणा जोडतात. जॉन आयझॅक हॉकिन्सने १८३४ मध्ये सोन्याच्या टोकाला इरिडियम जोडलं ते याच दुखण्यावर. हे सगळं मला वाचून माहीत होतं. ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच.

पेन आलं. मी काय केलं असेल? थेट सराफाकडे गेलो. त्यांनी निब कसोटीवर घासली, तेजाब लावलं आणि म्हणाले, “चौदा कॅरेट आहे, गुरुजी. खरं आहे.” वजन ०.३१ ग्रॅम. चौदा कॅरेट म्हणजे ५८.५ टक्के, म्हणजे शुद्ध सोनं ०.१८ ग्रॅमच्या आसपास. त्याची किंमत पेनाच्या किमतीच्या जवळपासही नव्हती, पण ‘खरं आहे’ ऐकून मी इतका खूश झालो की घरी येताना पेढे घेतले. बायको म्हणाली, पेनाचे पेढे पहिल्यांदाच खातेय.

त्या जानेवारीतली नावं झकास झाली. मार्च उजाडेपर्यंत रेघ पसरायला लागली. ‘थ’ आणि ‘ध’ची पोटं भरायला लागली, उजवा कोपरा कागद ओरबाडायला लागला, शाई कधी भळाभळा तर कधी गायब. आधी कागदाला दोष दिला, मग शाईला. तीन शाया बदलल्या.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या पेन दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि निब आडवी धरली. “सर, हिचं टोक कधीच गेलंय. राहिलंय ते नुसतं सोनं.” मग मला भिंगातून बघायला लावलं. त्यांच्याकडच्या एका चांगल्या सोन्याच्या स्टबला कडेला पांढुरका पट्टा होता आणि सोन्याशी त्याचा सांधा स्पष्ट दिसत होता. ती मुळात जाड निब. तिचा मोठा दाणाच घासून चपटा केलेला. माझी निब शेवटच्या कडेपर्यंत पिवळी. पेन कधीतरी तोंडावर पडलं असणार, दाणा उडाला असणार, आणि कोणीतरी उरलेलं टोक पॉलिश पेपरवर सपाट करून त्याला ‘कस्टम स्टब’ म्हटलं. काकांनी आणखी एक खूण दाखवली. निबेखालची, टोकाकडे शाई नेणारी काळी जीभ टोकाच्या अगदी जवळ आली होती. एरवी ती इतकी पुढे येत नाही. निबच आखूड झाली होती. हे मात्र वरून काढलेल्या फोटोतही दिसत होतं. मी ‘श्री’ बघत बसलो होतो.

विकणाऱ्याला मेसेज केला. “वापरून झिजवलीत सर, आता मी काय करू?” त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर दोनदा फिरवायला घेतला आणि ठेवून दिला. पेन मिळालं होतं, सोनं खरं होतं, पैसे मी आपल्या हाताने पाठवले होते. दाणा नाही हे सांगितलं नव्हतं म्हणावं, तर ‘दाणा नसतो’ असं त्याने लेखी सांगितलेलंच होतं! त्याचा स्क्रीनशॉट अजून माझ्या फोनमध्ये आहे.

यंदाची नावं १.१ च्या पोलादी निबेने लिहिली. छान आली.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका ग्रुपवर मरून रंगाचं पेन दिसलं. पिवळी निब, फोटो वरून काढलेले, कस्टम स्टब. नमुन्यात तोच ‘श्री’, त्याच अक्षरात. मी खाली लिहिलं, “निब बाजूने दाखवा, आणि जिभेपासून टोकापर्यंतचं अंतरही.” दहा मिनिटांत पोस्ट गायब झाली. त्या दहा मिनिटांत दोघांनी ‘घेतलं’ असं लिहून ठेवलं होतं. दोघांनाही मी वेगळा मेसेज केला आहे. एकाने उत्तर दिलं, “पण सर, सोनं तर खरं आहे ना?”