रिफिल कॅनच्या नावाखाली फसले, पार्लरवाल्या ताईंनो वाचा

दारव्ह्याजवळच्या खेड्यात घरच्याच पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे, ९ वर्षं झाली. फेब्रुवारीत लग्नसराईच्या आधी नागपूरहून एक जण आला, बोलायला गोड, सारखं ताई ताई. म्हणे आमचं सगळं ऑरगॅनिक, केमिकल फ्री, प्लास्टिकचा कचरा नको म्हणून आम्ही छोटे डबे बनवतच नाही, मोठी कॅन देतो, तुम्ही तुमच्या बरण्यांत भरून घ्या. मला ते मनापासून पटलं, कारण आमच्याकडे कचऱ्याची गाडी येत नाही, फेशियल किटच्या रिकाम्या ट्यूबा मीच परसात जाळते आणि तो वास घरभर भरतो. एलोवेरा जेलच्या ५ लिटरच्या दोन कॅन आणि ग्लो क्रीमचा २ किलोचा डबा, १८,५०० रुपये स्कॅन करून दिले. बिल व्हॉट्सअॅपवर टाकतो म्हणाला, आजपर्यंत आलं नाही.

क्रीम आधी स्वतःच्याच हाताला लावून पाहिलं, २४ तास ना खाज ना लाली, म्हणून विश्वास बसला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की त्यात स्टेरॉइड असेल तर ते खाज आणि लालीच दाबून टाकते, मग पॅच टेस्टमध्ये काय दिसणार?

शेजारच्या काकूंच्या सुनेला लावलं, पाच-सहा दिवसांत चेहरा असा उजळला की गावातल्या बाया विचारायला लागल्या. तिला घरी लावायला डबीत काढूनही दिलं, ही चूक माझी. दोन महिन्यांनी तिनं बंद केलं आणि आठवड्यात गाल लालभडक, बारीक लाल नसा दिसायला लागल्या, चुलीसमोर बसवेना. "ताई, पाणी लागलं तरी झोंबते व माय," म्हणे. रात्रभर मला झोप नाही.

यवतमाळला स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले आधी डबा दाखवा. डब्यावर मोठं हिरवं पान, पृथ्वीचं चित्र, पण काय काय घातलं त्याची यादी नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही. रिफिल असलं तरी हे सगळं लेबलवर लागतेच! डॉक्टरांना स्टेरॉइडचाच संशय आहे, आणि स्टेरॉइडची क्रीमं २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत. पाराही असू शकतो म्हणाले, तो त्वचेचा रंग बनायची क्रियाच अडवतो म्हणून माणूस गोरं दिसते, पण अंगात मुरून किडनी खराब करतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना अशाच क्रीमनं किडनीचा त्रास झाला होता, ती बातमी २०२३ मध्ये आली होती, मी तेव्हा वाचून सोडून दिली.

जेलचं तर एप्रिलच्या उन्हातच कळायला पाहिजे होतं. झाकण उघडलं तर आत काळपट बुरशीचं कडं आणि आंबट वास. फोन केला तर म्हणे नॅचरल आहे ताई, फडक्यानं गाळून घ्या. पाणी असलेल्या मालात प्रिझर्व्हेटिव्ह नसला तर बुरशी धरणारच, फिनॉक्सीइथेनॉलसारखा १ टक्क्यापर्यंत चालतो, त्याला काही भ्यायचं कारण नाही. आणि केमिकल फ्री म्हणजे काय, पाणीसुद्धा केमिकलच आहे.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवली, उरलेला डबा तपासणीसाठी बांधून ठेवलाय. सुनेच्या औषधाचा खर्च मीच करते, आग कमी झाली, लाली अजून आहे. तुमच्याकडं कोणी असं क्रीम महिनोन्महिने लावत असेल तर एकदम बंद करायला सांगू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

त्या माणसाचा नंबर बंद आहे. पण परवा दिग्रसच्या मैत्रिणीनं फोटो पाठवला, तीच पांढरी कॅन, निळं झाकण, तेच हिरवं पान, फक्त नाव बदललंय, आणि तिला १५,००० सांगितले. दिग्रस, आर्णी, पुसदकडच्या ताईंनो, दारात आला तर लायसन्स नंबर मागा, आणि त्याच्या गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढून मला पाठवा, तक्रारीला जोडायचाय.