बिडाचं आप्पेपात्र: उरलेल्या पास्त्यासाठी घेतलं तरी पैसे वसूल

ज्या घरात पोरांसाठी पास्ता होतो त्या घरात बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं, आप्पेपात्र हवंच, असं माझं आता ठाम मत झालंय. आप्प्यांसाठी ते चांगलं आहे हे सगळ्यांना माहितीये, त्यावर मी वेगळं काय लिहिणार, मी लिहितेय ते उरलेल्या पास्त्यासाठी. सुका पास्ता शिजला की वजनाला दुपटीहून जास्त होतो, त्यात पोरं आज ताटभर खातात आणि उद्या नको म्हणतात, मग तो डबा फ्रीजमध्ये मागे सरकत जातो आणि शेवटी टाकावा लागतो. मला अन्न टाकायला अजिबात आवडत नाही आणि मायक्रोवेव्हमधून काढलेला तो रबरी पास्ता कोणाच्या पुढ्यात ठेवायलाही आवडत नाही.

मी घेतलं ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून, भांड्यांच्या एका जुन्या दुकानातून. ऑनलाइन पण मिळतात पण बिडाचं भांडं हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नये असं मला वाटतं, कारण सगळा खेळ खळग्यांच्या आतल्या बाजूचा असतो. प्रत्येक खळग्यात बोट फिरवून बघायचं, खरखरीत लागलं किंवा बारीक भोकं दिसली की दुसरं मागायचं. दुकानातले काका स्वतःच म्हणाले, "ताई, घाई करू नका, चारपाच काढून देतो, त्यातलं गुळगुळीत निवडा." मला १२ खळग्यांचं साडेनऊशेला पडलं, सोबत लाकडी मुठीची उलटायची सुई मिळाली, झाकण मात्र नव्हतं, ते घरातलंच एक बसलं.

आणल्या आणल्या वापरता येत नाही हे आधीच सांगते. सासूबाईंनी त्यात रात्रभर भाताची पेज भरून ठेवायला लावली, सकाळी धुऊन गॅसवर कोरडं केलं, मग अर्धा कांदा सुरीला टोचून तेलात बुडवून प्रत्येक खळग्यात चोळत बसले. हे तापवणं आणि तेल चोळणं बरेचदा करावं लागतं, तापून तापून त्या तेलाचाच एक काळा गुळगुळीत थर बसतो आणि मग काही चिकटत नाही. पहिले घाणे साध्या तांदळाच्या आप्प्यांचेच करा, पास्ता लगेच घालू नका, चीज असेल तर नव्या पात्राला घट्ट धरून बसतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे सगळ्यात हिट झालेला प्रकार म्हणजे मॅकरोनीचे आप्पे. फ्रीजमधला थंड पास्ता तसाच सुरीने बारीक चिरायचा, साधारण वाटीभर, त्यात अर्धी वाटी बारीक रवा, अर्धी वाटी दही, कांदा, सिमला मिरची, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि लागेल तसं पाणी. पंधरा मिनिटं झाकून ठेवलं की रवा फुगतो आणि सगळं एकमेकाला धरतं. इनो वगैरे काही लागत नाही. खळगा तापला की थेंबभर तेल, त्यात चमचाभर पीठ, झाकण, आणि गॅस मध्यमच्या खाली. चारेक मिनिटांनी झाकण काढलं की वरची बाजू ओलसर दिसते पण कडा खळग्यापासून सुटलेली असते, तेव्हा सुई काठाने गोल फिरवायची, आप्पा आपोआप गरकन वळतो आणि खालची बाजू वर येते, एकदम गडद बदामी, आणि त्या सालीत मॅकरोनीचे कापलेले गोल तोंड वर करून बसलेले, त्यांच्या कडा पापडासारख्या कुरकुरीत. आत मात्र मऊ. माझ्या लेकाने छोट्या सुट्टीच्या डब्यात नेले आणि डबा चाटूनपुसून परत आला.

पास्ता थंडच का घ्यायचा, तर शिजलेल्या पास्त्यातला स्टार्च गार झाल्यावर परत घट्ट होतो, म्हणून तर फ्रीजमधला पास्ता कडक आणि एकमेकाला चिकटलेला निघतो. ग्रेव्हीत घालायचा असेल तर हीच गोष्ट नडते पण तव्यावर किंवा खळग्यात भाजायला हाच पास्ता चांगला, कारण तो वरून कोरडा असतो आणि चिरताना लगदा होत नाही. ताजा गरम पास्ता घालून करून बघितलं तर आप्पे गिचके होतात.

ही आयडिया काही आपली एकट्याची नाही. इटलीत नेपल्सला उरलेल्या पास्त्याचं जाड ऑम्लेट करायची जुनी पद्धत आहे, फ्रित्ताता दी माक्केरोनी म्हणतात त्याला, अंडी आणि चीज घालून मोठ्या पॅनमध्ये दोन्ही बाजूंनी खरपूस करतात आणि फिरायला जाताना, समुद्रावर जाताना, ईस्टरनंतरच्या सोमवारी सहलीला जाताना बांधून नेतात, थंडच खातात. ते उलटवायला पॅनवर ताट पालथं घालून अख्खं उपडं करावं लागतं आणि तिथेच ते मोडायची भीती असते. आप्पेपात्रात तो प्रश्नच येत नाही. एक वाटी उरलेली स्पॅगेटी कात्रीने बोटाएवढी कापायची, दोन अंडी, किसलेलं चीज, भरपूर मिरपूड, चमच्याने थोडी थोडी प्रत्येक खळग्यात सोडायची. मी थोडी लसूण चटणी पण घालते, सुक्या खोबऱ्याची, आणि ते काय लागतं म्हणून सांगू! आम्ही येऊरला सकाळी फिरायला जातो तेव्हा हेच डब्यात असतं, गार झाल्यावर उलट चव अजून वर येते.

सॉस लावलेला पास्ता उरला असेल तर थोडं बघून करावं लागतं. व्हाईट सॉसवाल्यात रवा घातला तरी तो ढिला राहतो, त्याला थालीपिठाची भाजणी हाच इलाज, दोन मोठे चमचे भाजणी सगळं ओलं शोषून घेते आणि भाजणीतले धने-जिरे त्या मैदा-दुधाच्या सपक चवीला छान उचलतात. हे मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं, अगदी चीजपेक्षा पण. रेड सॉसवाल्यात बेसन आणि ओवा. फक्त टोमॅटो आंबट, आणि आंबट पदार्थ बिडाचा तेलाचा थर खातो, त्यामुळे आप्पे झाले की लगेच काढायचे, पात्रात ठेवायचे नाहीत आणि नंतर परत तेलाचा हात फिरवायचा. दह्याचं पण तेच.

पास्ता अगदीच थोडा, मूठभर उरला असेल तर आप्पेपात्र काढूच नका, चवळीच्या किंवा राजम्याच्या पातळ आमटीत घाला, शेवटच्या उकळीला, चकोल्या सोडतो तसा. इटलीतसुद्धा कडधान्य आणि पास्ता एकत्र शिजवून खातात, तो गरिबाघरचा पोटभरीचा पदार्थ.

एक गोष्ट मात्र कृपया मनावर घ्या. उरलेला म्हणजे फ्रीजमध्ये ठेवलेला, रात्रभर ओट्यावर राहिलेला नाही. भात आणि पास्ता दोन्हीत बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढू शकतो आणि त्याचं एक विष असं आहे की जे परत गरम केलं तरी जात नाही. २००८ मध्ये बेल्जियममध्ये २० वर्षांचा एक विद्यार्थी पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ल्यामुळे गेला, डॉक्टरांनी त्याच्यावर नंतर सविस्तर लेख लिहिलाय. आणि ते तिकडच्या हवेत, आपल्याकडे ठाण्याला मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात स्वयंपाकघर कसलं तापतं ते आपल्याला माहितीये. त्यामुळे जेवणं झाली की दोन तासांच्या आत, पसरट डब्यात, फ्रीजमध्ये, आणि तीन दिवसांत संपवायचा. पोरांच्या डब्यात द्यायचा असेल तर मी आदल्या रात्रीचाच घेते, त्याहून जुना नाही.

आता पात्राच्या तक्रारी, कारण आहेत. १२ खळग्यांचं पात्र आपल्या नेहमीच्या बर्नरवर पूर्ण मावत नाही, मधले चार आप्पे करपायला येतात तेव्हा कडेचे अजून पांढरे असतात. मी मधले आधी काढते आणि कडेचे उचलून मध्ये टाकते, किंवा पात्रच थोडं थोडं सरकवते, पण पाहुणे आले की ही कसरत वैताग आणते. इंडक्शनवाल्यांनी तर घेऊच नका, बीड इंडक्शनवर चालतं हे खरं पण या पात्राला खालून पण खळग्यांचे उंचवटे आहेत, सपाट बूड नाही, त्यामुळे ते शेगडीला नीट टेकतच नाही. वजनाला जड आहे, मनगट दुखत असेल त्यांना एका हाताने उचलून धुणं जमणार नाही. आणि पावसाळा! आमच्या घोडबंदर रोडच्या बिल्डिंगमध्ये जुलैत भिंतीसुद्धा दमट असतात, पात्र धुऊन फडक्याने पुसून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी खळग्यांत तांबूस डाग. पुसल्यावर दोन मिनिटं गॅसवर ठेवून तेलाचं बोट फिरवायचं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचं, मग काही होत नाही. साबण मी लावते, थोडासा, पण तारेची घासणी नाही आणि सिंकमध्ये भिजत टाकणं तर अजिबात नाही, घरी कामाला येणाऱ्या मावशींना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

नॉनस्टिकचं पात्र यापेक्षा हलकं, स्वस्त आणि सोपं आहे, ते मी आधी वापरायचे. पण त्यात पास्त्याला ही साल येत नाही, फिकट आणि मऊच राहतो, कारण पातळ पत्रा गार पीठ पडलं की लगेच थंड होतो आणि बीड तापलेलं राहतं. माझ्यासाठी फरक इथेच पडला. साधे रव्याचे आप्पेच करायचे असतील तर नॉनस्टिक पण चालून जाईल.

परत घ्यायची वेळ आली तर मी १२ ऐवजी ७ खळग्यांचं घेईन, बर्नरवर बरोबर बसतं, सगळे आप्पे एकाच वेळी होतात आणि वाटीभर पास्त्याला दोन घाणे पुरतात. एकत्र कुटुंब असेल, मोठी शेगडी असेल तर १२ चं घ्या.