जर्मनीत टर्मिन आणि पत्ता विकणाऱ्यांपासून सावध

सेमिस्टर सुरू होण्याच्या आसपास विद्यार्थ्यांच्या चॅट ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज हमखास येतात. ‘बर्लिनमध्ये आन्मेल्डुंगची टर्मिन मिळेल, याच आठवड्यात.’ आणि ‘आन्मेल्डुंगसाठी पत्ता देतो, राहायची गरज नाही.’ टर्मिन म्हणजे सरकारी कार्यालयातली भेटीची वेळ, आन्मेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी. दोन्हीकडे पैसे आगाऊ. फसणारे विद्यार्थी भोळे असतात असं नाही. त्यांना आपण कोंडीत सापडलोय असं वाटत असतं आणि विकणाऱ्याला ते बरोबर ठाऊक असतं.

कोंडी अशी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असा कायदा आहे, आणि बुर्गरआम्टच्या, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयाच्या, कॅलेंडरवर दीड-दोन महिने लाल, एकही वेळ मोकळी नाही. नोंदणीचा कागद नाही म्हणून काही बँका खातं उघडत नाहीत. चालू खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या खात्यातले, महिन्याचे ९९२ युरो सुटत नाहीत. वर्षाचे ११,९०४ युरो स्वतःच्या नावावर पडलेले आणि भाड्याला उसनवारी! अशा वेळी कुणी थोड्या पैशांत टर्मिन देतो म्हटलं की हात आपोआप फोनकडे जातो.

टर्मिन मुळात फुकट असते आणि नोंदणीलाही शुल्क नाही. विकणारे प्रोग्रॅम लावून मोकळ्या झालेल्या वेळा पटकन अडवतात आणि पुढे विकतात. काहीजण तेवढेही कष्ट घेत नाहीत, जुन्या कन्फर्मेशन मेलमधली तारीख आणि नाव बदलून पाठवतात. हे कळतं ते थेट प्रतीक्षागृहात. तिथे नावानं हाक मारत नाहीत, पडद्यावर क्रमांक झळकतो. आपला क्रमांक पंधरा मिनिटं झाली तरी येत नाही, आणि काउंटरवर विचारलं तर असं बुकिंगच नाही. तोवर विकणाऱ्यानं ब्लॉक केलेलं असतं. टर्मिनसाठी त्याला पासपोर्टची प्रत दिली असेल तर ती मात्र त्याच्याकडेच राहते.

मुळात दोन आठवड्यांची धास्ती घ्यायचं कारण नाही. दंड कागदावर १,००० युरोपर्यंत आहे, पण टर्मिनच नव्हती हे कार्यालयालाही माहीत असतं. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत टर्मिन बुक करून ठेवा, मग ती पुढच्या महिन्यातली का असेना, आणि ‘मोकळी वेळ नाही’ असं दाखवणाऱ्या पानाचे तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. बर्लिनमध्ये कुठल्याही विभागातलं बुर्गरआम्ट चालतं, आपल्याच भागातलं हवं असं नाही. हे माहीत नसल्यामुळे निम्मे लोक उगाच अडून बसतात. रद्द झालेल्या वेळा दिवसभर परत दिसतात, त्यामुळे सकाळी लवकर आणि मग अधूनमधून पान रिफ्रेश करत राहायचं. कंटाळवाणं आहे, पण विकणारा याहून वेगळं काही करत नाही.

पत्ता विकत घेणं याहून कितीतरी महाग पडतं. नोंदणीला भाडेकरार पुरत नाही, घर देणाऱ्याचं सही केलेलं पत्रक लागतं: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. त्यात घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, घरमालक वेगळा असेल तर त्याचं नाव, राहायला आल्याची तारीख, घराचा पत्ता आणि राहणाऱ्यांची नावं असतात. न राहणाऱ्याला हे पत्रक देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. आणि घेणाऱ्याचं काय? नोंदणी झाली की सगळी सरकारी पत्रं त्या पत्त्यावर जायला लागतात. ११ आकडी टॅक्स आयडी पोस्टानंच येतो. बँकेचं कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांतून येतात, सुरक्षिततेसाठी म्हणे, पण पडतात एकाच पेटीत. त्या पेटीची किल्ली पत्ता विकणाऱ्याकडे. पासपोर्टची प्रत त्याच्याकडे आधीच असते. मग आपल्या नावावर मोबाइलचे करार निघतात, मागवलेल्या वस्तूंची बिलं थकतात आणि वसुलीचं पत्रही त्याच पेटीत पडतं, म्हणजे आपल्याला पत्ताच लागत नाही.

खरंच राहताय, पण घरमालक पत्रक देत नाही? तर ते नोंदणी कार्यालयाला लगेच कळवायचं, कायद्यातच तशी तरतूद आहे. पत्रक देणं ही त्याची मेहरबानी नाही, जबाबदारी आहे. पोटभाड्यानं राहत असाल तर मुख्य भाडेकरूही सही करू शकतो.

तिसरा सापळा घराचाच. भाडं बाजारापेक्षा कमी, फोटो चकचकीत, मालक ‘सध्या परदेशात’, किल्ली कुरिअरनं, आणि ‘आन्मेल्डुंग शक्य’ हे शब्द ठळक अक्षरांत. भारतातून व्हिसाची वाट पाहत घर शोधणारे इथे सर्वात जास्त अडकतात. कायद्यानं डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीनपटीहून जास्त मागता येत नाही, ते तीन हप्त्यांत देता येतं आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. घर न दाखवता सगळी रक्कम आधी मागितली की विषय संपला. खातं जर्मनीतलं असेल तर आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, डीई या अक्षरांनी सुरू होतो. मालक म्युनिकचा आणि खातं भलत्याच देशातलं असेल तर थांबा. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबान जुळतात का हे दाखवावं लागतं. जुळत नाही असा इशारा आला तर पुढे जाऊ नका, गेलेलं ट्रान्सफर सहसा परत येत नाही.

व्हिसाची मुदत संपत आली की असाच बाजार परदेशी नागरिक कार्यालयाच्या टर्मिनचा भरतो. तिथेही घाई विकत घेऊ नका. राष्ट्रीय व्हिसा संपण्याआधी अर्ज केला की निर्णय होईपर्यंत तो चालू धरला जातो आणि त्याचा फिक्शन्सबेशायनिगुंग नावाचा दाखला मागता येतो. अर्ज पोहोचल्याचा पुरावा तेवढा सांभाळा. याच काळात ‘पोलीस’ किंवा ‘दूतावासा’चे फोनही येतात. स्क्रीनवर ११० हा पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक दिसला तर फोन बनावटच. जर्मन पोलीस त्या क्रमांकावरून कुणाला फोन करत नाहीत.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात बँकेला फोन करा, मग राज्य पोलिसांच्या ऑनलाइन ठाण्यावर तक्रार नोंदवा. शुल्क नाही. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा. पासपोर्टची प्रत गेली असेल तर या तक्रारीच्या आधारे शूफा या पतनोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे ओळख चोरीची नोंद करता येते. चॅट डिलीट करू नका, लाज वाटली तरी. बहुतेक विद्यापीठांच्या विद्यार्थी संघटनेत कायद्याचा सल्ला मोफत मिळतो.

नोंदणी झाली की आडनाव टपालपेटीवर त्याच दिवशी चिकटवा, नाहीतर टॅक्स आयडीचं पत्र परत जातं. आणि काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं, महिना १८.३६ युरोचं पत्र येईल. घरात टीव्ही नाही, म्हणजे ही नक्की फसवणूक, असं समजून बरेचजण ते फाडतात. ते खरं असतं. मात्र शुल्क माणशी नसतं, घरामागे एकच असतं. तेव्हा सोबतचा कुणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क-खाते क्रमांक कळवून मोकळे व्हा.