सॅम्पल स्क्रीनचं, माल ट्रान्सफरचा

सॅम्पल स्क्रीन प्रिंटचं दाखवायचं आणि माल मात्र ट्रान्सफरचा, म्हणजे डिझाइन आधी वेगळं छापून गरम प्रेसने शर्टावर चिकटवलेला, द्यायचा: दुकानात विकायच्या टी-शर्टांतली ही फसवणूक पहिल्या दिवशी सहसा उघडी पडत नाही. गठ्ठा सोडला की प्रिंट झकास दिसतो, बिल चुकतं होतं. तीन-चार धुण्यांनंतर गिऱ्हाईक शर्ट परत आणतं तेव्हा डिझाइनची कड सुटलेली असते, नखाने ओढली तर सालीसारखी निघणारी.

सॅम्पल म्हणून हाती येतो तो खरा स्क्रीन प्रिंट, जाळीच्या फ्रेममधून (हीच स्क्रीन) शाई थेट कापडावर ओढलेला. त्यावर ऑर्डर पक्की होते आणि कोटेशनमध्ये प्रत्येक रंगाच्या स्क्रीनचा खर्च वेगळा लागतो. काळ्या कापडावर चार रंग म्हणजे खालचा पांढरा अंडरबेस धरून पाच स्क्रीन. फ्रेमवर इमल्शन (प्रकाशाने घट्ट होणारा थर) चढवणं, एक्स्पोज करणं म्हणजे प्रकाशाने त्यात डिझाइन उमटवणं, रंगाला रंग जुळवणं, हा सगळा व्याप सुरुवातीचा. नग वाढले की प्रत्येकी खर्च उतरतो. डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म) ट्रान्सफरमध्ये डिझाइन फिल्मवर छापतात आणि ही फिल्म थेट प्रिंटरमधून निघते, रंग चार असोत की चाळीस, आणि शंभराव्या नगालाही जवळपास पहिल्याइतकाच खर्च येतो. पाच स्क्रीनचे पैसे घ्यायचे, एकही बनवायची नाही आणि माल हीट प्रेसवर दाबायचा, ही खरी मेख.

ट्रान्सफर मुळात वाईट नाही. थोडे नग, भरपूर रंग, फोटोसारखं डिझाइन असेल तर तेच सोयीचं. पण जो स्क्रीनमध्ये लबाडी करतो तो दाबतानाही वेळ वाचवतो. डीटीएफला साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसवर १० ते १५ सेकंद लागतात, तेव्हा फिल्ममागची गोंदाची पावडर वितळून धाग्यांत शिरते. त्याआधी ३ ते ५ सेकंद कोरा शर्ट दाबून ओल काढायची. कोल्ड पील फिल्म पूर्ण गार झाल्यावरच सोलायची, मग पुन्हा ५ ते १० सेकंद दाबायचं. घाईत ओल तशीच राहते, फिल्म गरम असताना ओढली जाते, दुसरा दाब तर बहुतेक वेळा गाळलेलाच. शिवण किंवा झिप प्रेसखाली आली तर तिच्या शेजारी दाब पोचत नाही, आणि कड नेमकी तिथून सुटते. तक्रार केली की ‘गरम पाण्यात धुतलं असेल’ हे उत्तर तयार.

माल उतरवून घेताना गठ्ठ्याच्या मधले पाच-सहा नग काढा, वरचे नकोत. शर्ट उलटा करा: स्क्रीनची शाई विणीत थोडी उतरते, पातळ कापडात मागून तिचा माग दिसतो, ट्रान्सफर वरच बसतं, मागची बाजू जवळपास कोरी राहते. प्रिंटभोवती प्रेसच्या चौकोनाची चमक आहे का, तेही पाहा. दहा नग शेजारी मांडून रंगांची जुळणी तपासा. स्क्रीनमध्ये नगागणिक बहुधा केसभर फरक पडतो. दहाही हुबेहूब सारखे असतील तर संशय घ्या. दोन नग उलटे करून ४० अंशांवर पाच वेळा धुवा आणि मगच उरलेली रक्कम द्या.

ताणल्यावर प्रिंट तडकला म्हणून लगेच ट्रान्सफर ठरवू नका. प्लास्टिसोल या स्क्रीन प्रिंटच्या, उष्णतेने पक्क्या होणाऱ्या शाईला पूर्ण जाडीत साधारण १६० अंश मिळाले नाहीत तर अस्सल स्क्रीन प्रिंटही तडकतो. तो दोष कच्च्या शाईचा. कड सुटणं हा बहुधा गोंदाचा.

फ्रेमचे फोटो मागून समाधान मानू नका. प्लास्टिसोल ट्रान्सफरही स्क्रीननेच छापतात, फक्त कापडाऐवजी रिलीज पेपरवर (ज्यावरून शाई सुटून येते असा कागद), आणि नंतर प्रेसने चिकटवतात. तिथे फ्रेम खऱ्या असतात, ‘स्क्रीन प्रिंट’ हा शब्दही खोटा ठरत नाही. म्हणून ऑर्डरमध्ये ‘शाई थेट कापडावर, हीट ट्रान्सफर नाही’ एवढं लिहून घ्या आणि सही केलेलं सॅम्पल आपल्याकडे ठेवा.