टॉकीजला जायचं, की येऊ द्यायचा घरी?

आमच्या शेजारच्या काकू दर शुक्रवारी फाटकापाशी थांबवून विचारतात, "काय लागलं वं नवीन? जाण्यासारखं आहे, का येऊ द्यायचं घरी?" गेल्या वर्षी मार्चमध्ये मी 'स्थळ' हा मराठी सिनेमा बघायला निघाले होते, तेव्हा तर त्यांनी हातच धरला. "काहून चालली पैसे घालवायला? दोन महिन्यांत टीव्हीवर येतेच न."

तिकीट, पेट्रोल आणि येण्याजाण्यासकट मोडलेली अर्धी सुट्टी, हा हिशेब प्रत्येक घरात होतो. त्यावरचा एक ठोकताळाही ठरून गेला आहे. लढाया, समुद्र, गर्दी, आगीचे लोळ असतील तर टॉकीजला जा. चार माणसं एका खोलीत बोलत बसली असतील तर घरीच बघा. मीही कित्येक वर्षं असंच करत होते. पण अलीकडे घरी आणि बाहेर पाहिलेल्या सिनेमांकडे मागे वळून पाहिलं, तर नागपुरात तरी हा ठोकताळा मला उलटा करावासा वाटतो. मोठा, गाजावाजाचा सिनेमा घरीही तग धरतो. शांत सिनेमा मात्र घरी मरतो.

गेल्या मे महिन्याचंच बघा. पायल कपाडियांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाल्यापासून तो बघायचाच, असं ठरवलं होतं. नोव्हेंबरात तो थिएटरमध्ये आला, तेव्हा लग्नसराईत राहून गेला. मग जानेवारीत ओटीटीवर आला आणि बघू बघू म्हणता मे उजाडला. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, हॉलच्या खिडकीत कूलर लावलेला, ताट्यांवरून पाणी ठिबकत असलेलं. अशात तो सिनेमा लावला.

त्यात मुंबईतली एक नर्स आहे, प्रभा. नवरा लग्नानंतर लगेच जर्मनीला गेलेला आणि बोलणंही जवळजवळ बंद. एक दिवस जर्मनीहून भाताचा कुकर येतो, पाठवणाऱ्याचं नाव नसलेला. रात्री ती एकटी फरशीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. संवाद नाही, रडणं नाही. त्या क्षणी बाहेरचा पाऊस आणि तिचा श्वास एवढंच ऐकू यायला हवं. माझ्या हॉलमध्ये ऐकू येत होता फक्त कूलर. मी आवाज वाढवला, तर पुढच्याच प्रसंगात लोकलचा धडधडाट अंगावर आला आणि आईंनी आतून विचारलं, काय पडलं? कूलर बंद केला, तर पाच मिनिटांत पाठ ओली. पुन्हा चालू केला. असा तो सिनेमा मी तीन तुकड्यांत संपवला. कथा कळली, पण तिचं एकटेपण माझ्यापर्यंत पोचलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या सिनेमासाठी काळोख आणि थंड हवेची दोन तासांची खुर्ची हवी होती.

त्यातच छाया कदम आहेत, घर हातातून गेल्यावर मुंबई सोडून रत्नागिरीकडे परत जाणाऱ्या पार्वतीच्या भूमिकेत. त्याच बाईंना 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनवर चहाची टपरी चालवणाऱ्या मंजूमाईच्या रूपात पाहा. तोही मी घरीच पाहिला, आई, नवरा आणि लेकीसोबत. मध्ये कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दारावर कुरिअरवाला आला, लेकीने एक प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. काही बिघडलं नाही. संवाद ठसठशीत, गोष्ट सरळ पुढे जाणारी, आणि घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका एकत्र बसून हसण्यासारखं खूप काही. आमच्या आईंनी मंजूमाईवर नंतर दोन दिवस चर्चा केली. थिएटरात गेलो असतो, तर ही चर्चा गाडी काढेपर्यंत संपली असती. कलाकार तीच, दोन्हींत बाईंचंच जगणं, दोन्हींत मारामारी नाही. फरक एवढाच की एक सिनेमा बोलून सांगतो आणि दुसरा गप्प राहून. माझ्यासाठी निवड इथेच होते.

एकच सिनेमा दोन्हीकडे बघायला मिळाला तर ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. 'तुंबाड' पहिल्यांदा २०१८ च्या ऑक्टोबरात आला तेव्हा माझा हुकला. नंतर घरी पाहिला, संध्याकाळी, ट्यूबलाइट चालू ठेवून. चांगला वाटला, पण लोक एवढे वेडे का होतात ते कळलं नाही. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरमध्ये लागला, तेव्हा भावाने ओढून नेलं. घरच्या टीव्हीवर जो काळा रंग राखाडी दिसत होता आणि ज्यात आमच्या शोकेसची काच चमकत होती, तो तिथे खराखुरा काळा होता. त्यात एका कंदिलाचा उजेड. आणि पाऊस! बाहेर भाद्रपदातला पाऊस, आत पडद्यावरचा, आणि मध्यंतराला बाहेर आले तर अंगावरचे कपडे ओले झाल्यासारखे वाटत होते. कित्येक पावसाळे थांबून थांबून चित्रीकरण केल्याची मेहनत तेव्हा दिसली. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला या सिनेमाने जास्त कमाई केली, याचं मला जराही आश्चर्य वाटत नाही. तो मुळात काळोखात बघायचा सिनेमा होता.

याउलट 'छावा'. १४ फेब्रुवारी २०२५ ला आला, त्याच आठवड्यात आम्ही गेलो. हॉल भरलेला, घोषणा, टाळ्या, शेवटी मागच्या रांगेतल्या काकांचं हुंदके देऊन रडणं. हे घरी मिळत नाही, हे खरंच. विकी कौशलने जीव ओतला आहे. ए. आर. रहमान यांचं संगीत मात्र मला त्या काळाशी जुळलेलं वाटलं नाही. बरोबर आठ आठवड्यांनी, ११ एप्रिलला तो नेटफ्लिक्सवर आला आणि घरी पुन्हा पाहिला. तिथेही तो उभा राहिला. इतिहास आपल्याला ठाऊक, आवाज मोठा, दृश्यं भरगच्च. मधेच उठून दूध बघून आलं तरी धागा सुटत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याने गर्दीसाठी जावं. पण हुकला म्हणून हळहळायचं कारण नाही.

आठ आठवड्यांचा हिशेब सहज सांगितला नाही. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी सिनेमांसाठी थिएटर आणि ओटीटीमध्ये एवढं अंतर मागतात. 'लापता लेडीज'चंही तसंच झालं, १ मार्च ते २६ एप्रिल. तेव्हा काकूंचं "दोन महिन्यांत येतेच न" हिंदीपुरतं अगदी अचूक आहे. मराठीचं मात्र असं नसतं. आपल्या सिनेमाला नागपुरात पहिल्या आठवड्यात दोन शो मिळतात, त्यातला एक सकाळचा नाहीतर भर दुपारचा. दुसऱ्या शुक्रवारी तो एकावर येतो आणि तिसऱ्या आठवड्यात शोधावा लागतो. म्हणून मराठी सिनेमाचा निर्णय शनिवारी सकाळीच घ्यावा लागतो, "पुढच्या आठवड्यात बघू" तिथे चालत नाही.

'स्थळ'च्या वेळी हेच झालं. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा सिनेमा २०२३ ला टोरांटो महोत्सवात आशियाई सिनेमांसाठीचा नेटपॅक पुरस्कार घेऊन आला आणि आपल्याकडे ७ मार्च २०२५ ला लागला. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, कापूस पिकवणारा बाप, बीए करणारी सविता. पाहुणे येतात, चटई अंथरली जाते, तिला लाकडी स्टुलावर बसवतात, नाव विचारतात, उंची विचारतात, शिक्षण विचारतात. पाहुणे जातात. पुन्हा नवे पाहुणे, तेच स्टूल, तेच प्रश्न. घरी कुणी हे पाहिलं तर तिसऱ्या वेळी हात रिमोटकडे जाईल आणि दहा सेकंद पुढे, आणखी दहा सेकंद पुढे होईल. आणि तिथेच सिनेमा संपला. कारण ते पुन्हा पुन्हा बसणंच तर तो सांगतो आहे. थिएटरात पळता येत नाही. सविता बसते तेवढा वेळ आपल्यालाही बसावं लागतं.

सकाळचा शो, आम्ही नऊ-दहा जण असू. माझ्या पुढच्या रांगेत दोन मुली होत्या, कॉलेजच्या. पहिल्या प्रसंगात, जिथे सगळं उलटं होतं आणि मुलाला बसवून बाया प्रश्न विचारतात, तिथे त्या खळखळून हसल्या. चौथ्या स्थळापर्यंत त्यांचं हसणं थांबलं होतं. एकीने दुसरीचा हात धरलेला मला दिसला. माझ्या लग्नाआधी काटोलच्या मामांकडे मी अशीच सहा वेळा बसले होते. ते स्टूल नव्हतं, पाट होता.

आणि ती बोली! आपल्याकडचं बोलणं मोठ्या पडद्यावर, कुणाचं हसू व्हावं म्हणून नाही तर गंभीरपणे, घरातल्यासारखं. असा अनुभव याआधी मला 'झुंड'ने दिला होता, २०२२ साली. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं, आपल्या हिस्लॉप कॉलेजातल्या विजय बारसे सरांच्या कामावर बेतलेली गोष्ट, समोर अमिताभ बच्चन, आणि तरी लक्षात राहिली ती पोरं आणि त्यांची भाषा. एका वाक्यावर अख्खा हॉल एकदम हसला, कारण ते वाक्य फक्त नागपूरकरालाच कळण्यासारखं होतं. नंतर घरी पाहिला, तेव्हा त्याच वाक्याला मी एकटीच हसले.

थिएटर म्हणजे सगळं उत्तमच, असं मी म्हणणार नाही. 'स्थळ'च्या त्याच शोला भिंतीपलीकडच्या पडद्यावरच्या मारामारीचे धमाके आमच्या शांततेत घुसत होते. मध्यंतरानंतर दार दोन वेळा उघडं राहिलं आणि पडद्यावर उजेडाचा पट्टा पडला. मी उठून सांगितलं, मग बंद झालं. सांगावं लागतं. संकोच करू नका, तुम्ही पैसे मोजले आहेत.

पैशांचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्यावरच्या तिकिटावर १८. म्हणजे सकाळचा स्वस्त शो आता आणखी परवडतो. खरा खड्डा पडतो तो मध्यंतराला. बाहेरचं खाणं आत नेऊ न देण्याचा थिएटरवाल्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला, पण पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत ठेवायचं आणि लहान बाळासाठी आईबाबांनी आणलेलं खाणं आत सोडायचं, हेही त्याच वेळी सांगितलं. म्हणून पाण्याची बाटली विकत घेण्याआधी नळ कुठे आहे ते विचारा. आम्ही तर्रीपोहे खाऊन जातो, मध्यंतराला जागेवरच बसतो. चौघांचा खर्च निम्म्यावर येतो. सीताबर्डीला जायचं तर मेट्रोने जा, पार्किंगही वाचतं. रात्रीच्या शेवटच्या शोला मात्र परत यायला मेट्रो मिळत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

ज्यांना जाणं शक्यच नाही, घरात तान्हं मूल आहे किंवा आजारी माणूस आहे, त्यांनी घरचं थोडं नीट लावून घ्यावं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र गुळगुळीत करणारी सोय असते, ती बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही त्यांच्या मधोमध आपली चित्रं घुसवतो आणि सगळं मालिकेसारखं दिसायला लागतं. संवाद दबत असतील तर आवाज ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा) वरून स्टीरिओवर (दोन स्पीकरांचा) आणा, बोलणं पुढे येतं. वरखाली काळे पट्टे दिसले तर चित्र ताणून मोठं करू नका, दोन्ही बाजूंची माणसं कापली जातात. आणि उन्हाळ्यात शांत सिनेमा रात्री अकरानंतर लावा, कूलर सगळ्यात कमीवर ठेवून.

घरी बघण्याचा खरा आनंद मला 'वाळवी'ने दिला. परेश मोकाशींचा हा सिनेमा छोटा आहे आणि प्रत्येक दहा मिनिटांनी डाव बदलतो. थांबवून "आता काय होईल सांग" म्हणत पैज लावण्यात आमची एक अख्खी संध्याकाळ मजेत गेली. नवरा सगळ्या पैजा हरला.

काकूंना शेवटी मी सप्टेंबरात 'दशावतार'ला घेऊन गेले. त्या नको म्हणत होत्या, गुडघे दुखतात, पायऱ्या असतात. मी फोन करून लिफ्ट आहे का विचारलं आणि बाजूची सीट घेतली. कोकणातलं जंगल, रात्रीचा खेळ, रंगवलेले चेहरे, आणि दृष्टी जात चाललेल्या म्हाताऱ्या कलावंताच्या भूमिकेत ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर. उत्तरार्ध मला ओढल्यासारखा वाटला, काकूंना नाही. त्या अडीच तासांत एकदाही पाय चोळताना दिसल्या नाहीत. परतताना रिक्षात बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तो तुझा स्टुलावरच्या पोरीचा पिक्चर कोणता वं? तो लागून आहे का अजून?"

तो केव्हाच उतरला होता.