नऊवारी शिकवता आली, म्हणून ओपन मॉडेलच ठेवलं

आमचा स्टुडिओ तालुक्याच्या गावी. लग्नाच्या व्हिडिओ पत्रिका, दुकानांच्या जाहिराती, अधूनमधून एखाद्या यूट्यूब चॅनेलचं एडिटिंग. गेल्या लग्नसराईपासून यातले छोटे तुकडे एआयच्या ओपन मॉडेलवर काढतोय; काय हवं ते लिहायचं, ते व्हिडिओ बनवून देतं. ओपन म्हणजे कंपनीने मॉडेलची फाइलच देऊन टाकलेली असते. एकदा उतरवून घेतली की नेट बंद असलं तरी चालते. अशा फायली लोकांच्या हाती द्याव्यात की नाही यावर तावातावाने बोलणाऱ्या बऱ्याच जणांनी घरी एक क्लिपही काढलेली नसावी, असा मला दाट संशय आहे.

आधी यंत्राचं सांगतो. मशीनवर अलीबाबाचं वान आहे (२.१ फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं, २.२ त्याच जुलैत, दोन्ही अपाचे या मोकळ्या लायसन्सवर), टेन्सेंटचं हुन्युआन व्हिडिओ आहे, लाइटट्रिक्सचं एलटीएक्सही आहे. वानच्या १.३ अब्ज पॅरामीटरच्या (मॉडेलच्या आत साठवलेले आकडे) धाकट्या मॉडेलला ८ जीबीच्या आसपास व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मेमरी, पुरते. कंपनीच्याच आकड्याप्रमाणे ४०९० कार्डावर ५ सेकंदांची ४८०पी क्लिप साधारण ४ मिनिटांत निघते. माझं कार्ड ३०६०, १२ जीबीचं. त्यावर १४ अब्जचं थोरलं मॉडेल आवळूनच चालवावं लागतं, आणि क्लिप लावून निवांत जेवून यावं लागतं. बाहेरच्या मंडळींनी नेहमीच्या बऱ्याच पायऱ्यांऐवजी ४ पायऱ्यांत क्लिप काढणारे लोरा (मूळ मॉडेलला जोडायच्या छोट्या फायली) बनवले, तेव्हा कुठे हे धंद्यात बसायला लागलं. फाइल हातात होती म्हणून त्यांना ते जमलं. खोडी आहेतच. पुढच्या क्लिपमध्ये चेहरा किंचित बदलतो, आणि दुकानाच्या पाटीवर देवनागरी मागितली तर भलतंच काही उमटतं. मजकूर मी नंतर एडिटिंगमध्येच टाकतो.

आता खरं कारण. 'मराठी नवरी' लिहिलं की लाल लेहेंगा येतो. 'नऊवारी' लिहिलं की साडी येते, पण काष्टा नसतो. मुंडावळ्यांच्या जागी फुलांचा मुकुट. अंतरपाट सांगितला तर मधे चक्क खिडकीचा पडदा लटकतो. कुठल्या एकाचं नाव घेत नाही, कारण पैसे भरून वापरलेल्या बंद सेवेतही, जिथे मॉडेल कंपनीच्याच मशीनवर राहतं, असंच झालं. पण तिथे पुढचा रस्ताच नव्हता. इथे मी आमच्याच जुन्या शूटिंगमधले फोटो, त्या त्या घरच्यांना विचारून, घेतले आणि भाड्याच्या जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) रात्रभर एक छोटा लोरा शिकवला. काष्टा मागे नीट खोचलेला आला, मुंडावळ्या दोन्ही कानांवरून खाली आल्या. नथ अजून मधूनच उजव्या नाकपुडीत जाते, ते राहू दे. आमच्याकडच्या काष्ट्यासाठी अलीबाबाच्या हांगझोऊत किंवा कॅलिफोर्नियात कुणी बसून काम करेल अशी माझी अपेक्षाच नाही. फाइल द्या, आम्ही बघतो.

पण काष्टा शिकवला त्याच रीतीने चेहराही शिकवता येतो. फोटो साधारण तेवढेच लागतात, खर्चही तेवढाच. वडील वारलेत, मुलीच्या लग्नात ते आशीर्वाद देताना दाखवा, अशी मागणी आमच्याकडे येते; घरच्या सगळ्यांची संमती असेल तर करतो, खाली तसं लिहितोही. एकदा मात्र एक पोरगा मोबाइलमध्ये एका मुलीचे फोटो घेऊन आला. "दादा, आम्ही दोघं बागेत बसलोय असा एक व्हिडिओ होईल का?" तिला माहीत आहे का विचारलं, तर नुसता हसला. त्याला वाटेला लावलं. बंद सेवा अशा मागण्या अडवायचा निदान प्रयत्न करतात. गूगलच्या व्हिओ या बंद मॉडेलमधून निघालेल्या व्हिडिओत सिंथआयडीची न दिसणारी खूण असते. माझ्या मशीनवर अडवणारा फक्त मी. खूण घालणारा कोड असला तरी तो माझ्याच हातात, नको असेल तर काढून टाकला. तेव्हापासून ऑर्डरच्या फॉर्मवर 'ज्यांचा चेहरा त्यांची सही' असा रकाना छापून घेतलाय. काही गिऱ्हाइकं त्यावरून चिडतात.

मग ओपन मॉडेलं आलीच नसती तर हे थांबलं असतं? नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा खोटा व्हिडिओ फिरला, तो दुसऱ्याच बाईच्या व्हिडिओवर चेहरा चिकटवून केलेला होता. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या तोंडी गेमिंग अ‍ॅपची जाहिरात घातली गेली, आणि त्यालाच जाहीर सांगावं लागलं की हे खोटं आहे. आजच्या ताकदीचं ओपन व्हिडिओ मॉडेल तेव्हा नव्हतं. पण यावरून 'मग काय बिघडतं' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. त्या दोघांची बातमी तरी झाली. माझ्याकडे आलेल्या फोटोंमधल्या मुलीची कुणी केली असती?

माझ्या मते कंपन्यांनी ही मॉडेलं द्यावीत, फक्त जे काही गाळायचं ते देण्याआधीच गाळावं. फाइल एकदा बाहेर गेली की परत बोलावता येत नाही. लायसन्समधल्या अटी म्हणजे नुसतं कागदी कुलूप: हुन्युआनच्या लायसन्सने युरोपीय संघ, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया वगळलेत, उतरवणारे तिथेही उतरवत असतीलच. शिकवतानाच नग्न चित्रं काढून टाकली तर वाईट काम करणाऱ्याला निदान जास्त राबावं लागतं. स्टेबल डिफ्युजन २.० या चित्रं काढणाऱ्या ओपन मॉडेलने नोव्हेंबर २०२२ मध्ये हे केलं होतं. माणसांची शरीरं बिघडली म्हणून लोकांनी बोंब ठोकली. मला बिघडलेली शरीरं चालतील. आपल्या सरकारने ऑक्टोबर २०२५ च्या नियमांच्या मसुद्यात एआयने बनवलेल्या व्हिडिओच्या १० टक्के जागेवर 'हे कृत्रिम आहे' असं लेबल मागितलं होतं. फेब्रुवारी २०२६ च्या अंतिम नियमांत ती टक्केवारी गेली, लेबल राहिलं. मोठ्या प्लॅटफॉर्मवर चढवताना व्हिडिओ कृत्रिम आहे का ते जाहीर करायचं. चढवलाच नाही, नुसता मोबाइलवरून मोबाइलवर फिरवला, तर हे विचारणार कोण, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

कंपन्या हे धर्मादाय म्हणून करत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये वान २.५ आवाजासह आलं, ते ओपन न करता सेवा म्हणूनच. जुनं फुकट, नवं विकत. मला त्याचा राग नाही, कारण हातातलं २.२ कुणी काढून घेत नाही. एका बंद सेवेने ऐन सीझनमध्ये मॉडेल बदललं, तेव्हा अर्ध्या झालेल्या पत्रिकेचा रंग उरलेल्या अर्ध्याशी जुळेना.

मशीन घ्यायचं मनात असेल तर १२ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि साधी रॅम ६४ जीबी ठेवा. ३२ वर थोरलं मॉडेल चढताना मशीन गुदमरतं. लाईट जाणाऱ्या गावात यूपीएस हवाच. महिन्याला चार-दोन क्लिपा लागत असतील आणि त्यात नऊवारी नसेल, तर यातलं काहीच घेऊ नका, बंद सेवाच स्वस्त पडते.