चॉकलेट क्रीमची काळी बिस्किटं : चव, घटक आणि सादळण्याचा प्रश्न

ओरिओ अमेरिकेत १९१२ पासून, भारतात २०११ पासून. आता रत्नागिरी-मालवणच्या किराणा दुकानांतही तो आणि त्याच्यासारखे इतर पुडे सहज मिळतात. चकती खमंग, किंचित कडसर. क्रीम मात्र फारच गोड.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून मैदा, साखर, पामतेल पुढे आणि कोको बराच मागे. काळा रंग भरपूर कोकोचा नव्हे, अल्कली प्रक्रिया केलेल्या कोकोचा. पांढऱ्या क्रीममध्ये साय शोधू नका. हे क्रीम म्हणजे मुख्यतः साखर आणि वनस्पती तेल. अंडं असतं का? हिरवी खूण असेल तर नाही. घटकांच्या यादीतला ३२२ हा आकडा म्हणजे लेसिथिन (घटक एकजीव ठेवणारा पदार्थ), बहुधा सोयाचं. गहू, सोया किंवा दूध वर्ज्य असेल तर ॲलर्जीची ओळ वाचाच.

कोकणात खरा वैरी दमट हवा. पावसाळ्यात उघडा पुडा रात्रीत सादळतो. आधी कडा मऊ पडतात. फोडल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. सादळलीच, तर क्रीम खरवडून नुसत्या चकत्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर ५ मिनिटं ठेवा; गार झाल्यावर कुरकुरीत होतात. क्रीमसकट तापवलंत तर ते ओघळतं. जून ते सप्टेंबर मोठा पुडा स्वस्त पडला तरी छोटेच घ्या.